कॉलेजात वर्षातून एकदा ‘निर्भया’ व्याख्यान : यातून नक्की काय साधतं? (सांगली-सातारा)

कृष्णाकाठची_मास्तरीण

तासगाव तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. आमच्याकडे दरवर्षी गॅदरिंगच्या आधी मुलींसाठी एक कार्यक्रम होतो. पोलिसांच्या निर्भया पथकाच्या मॅडम येतात, हेल्पलाइनचे नंबर सांगतात. कराटेचे सर दोन मुलींना पुढे बोलावून मनगट कसं सोडवायचं ते दाखवतात. शाल, श्रीफळ, फोटो, आभार. मुलगे तोवर ग्राउंडवर क्रिकेट खेळत असतात, कारण “त्यांचं काय काम?” यंदा हे माझ्या गळ्यात पडलंय आणि मला ते असं उरकायचं नाही.

म्हणून थोडं वाचलं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये लैंगिक हिंसा रोखण्याच्या कार्यक्रमांचे १४० अभ्यास एकत्र तपासले. प्रत्यक्ष वागण्यावर ठोस परिणाम दिसला असे कार्यक्रम निघाले तीन. त्यातला एक तर कार्यक्रमही नव्हे, स्त्रियांवरील हिंसेविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याने तिथल्या पोलिसांना आणि संस्थांना मिळालेला निधी होता! एका बैठकीत उरकलेल्या भाषणांनी, चित्रफितींनी माहिती वाढते, मतंही थोडे दिवस बदलतात, वागणं तसंच राहतं. म्हणजे आमची शाल-श्रीफळं वायाच म्हणायची.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. असल्या कार्यक्रमानंतर एखादी मुलगी स्टाफरूमच्या दाराशी घुटमळते. ती बोललीच, तर मी काय म्हणायचं? आमच्या निम्म्या मुली एसटीने खेड्यांतून येतात. घरी कळलं की पहिला निर्णय ठरलेला : कॉलेज बंद आणि स्थळं बघायला सुरुवात. हे त्यांना माहीत असतं, म्हणून त्या गप्प असतात. जाणकारांनी लिहावं.


विट्याचा_गलाईवाला

सध्या मुक्काम कोइमतूर, पण मन विट्यातच. मॅडम, अभ्यासबिभ्यास राहू दे. भर चौकात दोघांना फासावर द्या, बाकीचे आपोआप सरळ होतील. अमेरिकेतले आकडे आमच्या उसाच्या पट्ट्यात काय कामाचे?


साताऱ्याची_वकील

गलाईवाले दादा, तुमचा राग खोटा नाही. पण आधी गुन्हेगार कोण असतो ते बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात बलात्काराचे ३१,६७७ गुन्हे नोंदले आहेत आणि त्यातल्या जवळपास ९६ टक्के प्रकरणांत आरोपी ओळखीचा. शेजारी, नातेवाईक, मालक, लग्नाचं वचन दिलेला. आता सांगा, सख्ख्या चुलत्याला फाशी होणार म्हटल्यावर घरातली माणसं पोरीला तोंड उघडू देतील का? मी कोर्टात बघते ते हेच : शिक्षा जितकी मोठी, तितका घरातून साक्ष फिरवण्याचा दबाव मोठा. मला तरी शिक्षेच्या आकड्यापेक्षा खटला लवकर उभा राहणं महत्त्वाचं वाटतं.

मास्तरीणबाईंच्या दुसऱ्या प्रश्नातला कायद्याचा भाग. मुलगी १८ च्या आतली असेल तर ‘पोक्सो’, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागू होतो. त्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शिक्षक, डॉक्टर, कुणीही. न कळवणं हा गुन्हा आहे. त्यामुळे “कुणाला सांगणार नाही” असं वचन तिला देऊ नका, ते तुम्हाला पाळता येणार नाही. ती पुढचं बोलायच्या आत सांगून टाका : मला हे काही ठरावीक लोकांना सांगावं लागेल, पण तुला आधी सांगितल्याशिवाय पाऊल उचलणार नाही आणि तुझ्याबरोबर राहीन.

तिला पोलीस ठाण्यात नेऊन बसवायचं नसतं, हेही अनेकांना माहीत नाही. जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, तोही गणवेशात न येता घ्यायचा असतो. रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.


वाईचे_निवृत्त_सर

मानसशास्त्र शिकवत होतो, म्हणून दोन शब्द. गाव मुलीलाच नावं का ठेवतं, याचा एक जुना प्रयोग आहे. १९६६ मध्ये लर्नर आणि सिमन्स या दोघांनी विद्यार्थिनींना एक दृश्य दाखवलं. एक मुलगी काहीतरी पाठ करतेय आणि चुकली की तिला विजेचा झटका बसतोय. झटके खोटे होते, पण बघणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. काही जणींना तिचा त्रास थांबवण्याची संधी दिली, काहींना ती नव्हती. ज्यांना काहीच करता येणार नव्हतं आणि त्रास चालूच राहणार असं ज्यांना वाटत होतं, त्यांनी त्या मुलीलाच कमी लेखलं. काहीही न केलेल्या मुलीला!

जग न्यायी आहे, चांगल्याचं चांगलंच होतं, या समजुतीला माणूस घट्ट धरून असतो. ती मोडण्यापेक्षा “तीच तसली असेल” हे म्हणणं सोपं जातं. पारावर बसणाऱ्या बायका-पुरुषांना दुष्ट ठरवून भागणार नाही. त्यांच्या हातात करण्यासारखं काहीतरी दिलं पाहिजे. हात रिकामे राहिले की जिभा सुटतात.


विट्याचा_गलाईवाला

सर, हे पटलं. पण मग मुलगी आरडाओरडा का करत नाही? वकिलांचा पहिला प्रश्न तोच असतो. आमच्या गल्लीतसुद्धा तोच होता.


मिरजेची_मनोविकारतज्ज्ञ

याचं उत्तर सविस्तर देते, कारण माझ्या ओपीडीत येणारी जवळजवळ प्रत्येक जण स्वतःला हाच प्रश्न विचारत असते.

जिवावर बेतलं की शरीराला लढणं आणि पळणं हे दोनच मार्ग असतात असं आपण धरून चालतो. तिसराही आहे. हातपाय जड होतात, आवाज फुटत नाही, शुद्ध असते पण हलता येत नाही. याला ‘टॉनिक इमोबिलिटी’ म्हणतात. हे ठरवून होत नाही. स्टॉकहोममधल्या बलात्कारपीडितांसाठीच्या तातडीच्या दवाखान्यात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के जणींना ही अवस्था लक्षणीय प्रमाणात आली होती, ४८ टक्के जणींना अगदी टोकाची. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा ज्यांचं शरीर असं थिजलं होतं त्यांच्यात आघातोत्तर ताण विकार आणि तीव्र नैराश्य, दोन्हींचं प्रमाण बरंच जास्त होतं. म्हणजे जिला ओरडता आलं नाही तिला नंतरही जास्त त्रास, आणि तिलाच “ओरडली का नाहीस” हा सवाल.

आपल्याच राज्यात याची फार मोठी किंमत मोजली गेली आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, असं म्हणत १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांना सोडलं. त्यावर चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. थिजण्याबद्दलचं हे ज्ञान त्या वेळी न्यायासनासमोर असतं तर, असं राहून राहून वाटतं.

आता बरं होण्याबद्दल. “आयुष्य उद्ध्वस्त झालं” हे वाक्य वर्तमानपत्रांनी इतकं वापरलंय की मुलीही ते खरं धरून चालतात. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉथबॉम आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात अत्याचारानंतर दोन आठवड्यांच्या आत ९४ टक्के स्त्रियांना आघाताची सगळी लक्षणं होती : दचकणं, झोप उडणं, तेच ते डोळ्यांपुढे येणं. तीनेक महिन्यांनी हे प्रमाण ४७ टक्क्यांवर आलं होतं. पहिल्या आठवड्यांत दिसणारं सगळं आजार नसतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की फार गंभीर लक्षणं नसतील, आत्महत्येचे विचार नसतील, तर पहिले एक ते तीन महिने आधार द्यावा आणि लक्ष ठेवावं. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत “सगळं सांगून मोकळी हो” म्हणत खोदून काढण्याचा फायदा होत नाही, असं पुन्हा पुन्हा दिसलं आहे. समुपदेशनाच्या नावाखाली हे अजून होतं.

ज्यांचा त्रास रेंगाळतो त्यांच्यासाठी नेमके उपचार आहेत. एडना फोआ यांची ‘प्रोलाँग्ड एक्स्पोजर’ पद्धत, म्हणजे टाळलेल्या आठवणींना हळूहळू सामोरं जायचं; पॅट्रिशिया रेसिक यांची ‘कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी’. दुसरी तर बलात्कारातून वाचलेल्या स्त्रियांसाठीच घडवली गेली, साधारण बारा बैठकांची. “माझीच चूक होती”, “आता कुणावर विश्वास ठेवायचा नाही”, असे अडकून बसलेले विचार एकेक करून तपासायचे. गोळ्या कधी लागतात, कधी नाही.


नवीन_आयडी_आहे

वाचत होते, लिहायचं नव्हतं. डॉक्टरांनी थिजण्याबद्दल लिहिलंय ते वाचून लिहिते.

माझं खूप वर्षांपूर्वीचं. गाव सांगत नाही. घरात पहिल्यांदा आत्याला कळलं. तिने “कधी, कुठे, कसं” यातलं काही विचारलं नाही. कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, ते मला ठरवू दिलं. आईला सांगायचं मी लांबवत राहिले, तिने घाई केली नाही. माझ्या हातून एवढं सगळं गेलेलं असताना तेवढं तरी माझ्या हातात होतं.

पुढे पुण्यात थेरपी घेतली. घरून वही लिहून आणायची असायची. पहिल्या पानावर मी लिहिलं होतं, “मी त्या दिवशी तिकडे गेले म्हणून झालं.” ताई विचारायच्या, तू तिकडे नेहमी जायचीस ना? मग त्याच दिवशी का झालं? त्या दिवशी वेगळं कोण होतं? हे कळायला इतके आठवडे का लागले मला माहीत नाही, पण लागले. वाईट दिवस अजून येतात, मध्ये बरेच चांगले जातात. नोकरी करते. मुलगी शाळेत जाते.

प्रश्नांची उत्तरं देणार नाही, कृपया विचारू नका.


चावडी_संपादक

वरच्या प्रतिसादाखालचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. कुणाचीही ओळख पटेल असं गाव, वर्ष, नातं इथे लिहू नये आणि अंदाजही बांधू नये. नियम आमचा तर आहेच, पीडितेची ओळख उघड करणं कायद्यानेही गुन्हा आहे.


मिरजेची_मनोविकारतज्ज्ञ

नवीन आयडी, लिहिलंत त्याबद्दल आभार. तुमच्या आत्यांनी जे केलं तेच संशोधन सांगतं. सारा उलमन यांनी वर्षानुवर्षं हेच तपासलं : सांगितल्यावर समोरच्याने काय केलं आणि पुढे तिचं काय झालं. दोष देणं, विश्वास न ठेवणं, तिच्या वतीने परस्पर निर्णय घेऊन टाकणं, “विसरून जा” म्हणत विषय बदलणं, या सगळ्यांचा लक्षणं वाढण्याशी संबंध दिसतो. यातलं परस्पर निर्णय घेणं आपल्याकडे मायेपोटी होतं, म्हणून ते कुणाला खटकत नाही. कॉलेज बंद करणारे वडील स्वतःला रक्षणकर्तेच समजत असतात.

मास्तरीणबाई, तुम्हाला मानसोपचार करायचे नाहीत, त्यामुळे घाबरू नका. ऐका. आत्ता काय हवंय ते विचारा. “तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझा दोष नाही” एवढं स्वच्छ शब्दांत म्हणा. घरी जाणं सुरक्षित आहे का ते बघा, कारण कधीकधी तो माणूस घरातच असतो. पुढच्या मदतीशी जोडून द्या. तपशील मागू नका, ते काम पोलिसांचं आणि डॉक्टरांचं.


तालमीतला_वस्ताद

मी सांगली भागात तालीम चालवतो. लिहिण्यात आपला हात न्हाई, पोरगं टाइप करतंय. मॅडम, पोरं ग्राउंडवर क्रिकेट खेळत होती असं तुमी लिहिलंय, तितंच मला टोचलं. आमच्या पोरांच्या तोंडात पोरींबद्दल जे येतं ते ऐकून कान किटतात. मी शिव्या घालतो, चार जोर जास्त मारायला लावतो. त्यानं काय हुतंय? माझ्यासमोर गप, भायेर चालूच. काय करावं कुणी सांगंल का?


वाईचे_निवृत्त_सर

वस्ताद, तुमच्यासारख्यांसाठीच एक कार्यक्रम आहे. अमेरिकेत खेळाच्या प्रशिक्षकांमार्फत ‘कोचिंग बॉइज इंटू मेन’ चालतो. व्याख्याता बाहेरून आणत नाहीत. संघाचा कोचच हंगामभर आठवड्यातून पंधरा मिनिटं पोरांशी बोलतो : मैत्रिणीशी कसं वागायचं, मित्र चेकाळला तर त्याला कसं रोखायचं, मोबाइलवर आलेल्या फोटोचं काय करायचं. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या १६ शाळांत एलिझाबेथ मिलर यांनी तो तपासला. मुलगे मध्ये पडून रोखायला जास्त तयार झाले आणि वर्षभरानंतर त्यांच्या हातून मैत्रिणींशी होणारा गैरव्यवहारही कमी आढळला. गलाईवाल्यांची शंका येण्याआधीच सांगतो, हाच कार्यक्रम मुंबईत क्रिकेट कोचना घेऊन ‘परिवर्तन’ नावाने झाला आहे.

तुमचा शब्द पोरं मानतात. माझं व्याख्यान नसतं मानलं.


तालमीतला_वस्ताद

पंधरा मिनिटं जमतील. मातीत बसूनच बोलतो. काय बोलायचं ते मात्र कुणीतरी लिहून द्या.


कराडची_पण_पुण्यात

मला एक खटकतंय. मुलींना स्वसंरक्षण शिकवायचं म्हणजे जबाबदारी पुन्हा मुलींवरच ना? मिरचीपूड बाळग, अंधारात जाऊ नकोस, ओढणी नीट घे. हे ऐकूनच आम्ही मोठ्या झालो.


कृष्णाकाठची_मास्तरीण

मलाही तसंच वाटत होतं, पण कॅनडातला एक अभ्यास वाचून मत थोडं हललं. शार्लीन सेन यांनी तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ मुलींवर केलेला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन-तीन तासांची चार सत्रं. वर्षभरात बलात्कार झालेल्यांचं प्रमाण नुसती माहितीपत्रकं मिळालेल्या गटात ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के. जवळपास निम्मं. आपल्या कराटे प्रात्यक्षिकाशी त्याचं नातं फार थोडं. तिथे अंधारातल्या अनोळखी माणसाबद्दल कमी बोलतात आणि ओळखीचा मुलगा टप्प्याटप्प्याने कसा दबाव आणतो यावर जास्त. “याला वाईट वाटेल” म्हणून नाही म्हणायला आपण का कचरतो, हा मोठा भाग. आणि त्या मुलींमध्ये बाईलाच दोष देणारे विचार कमी झाले, वाढले नाहीत.

तरी तुमचा आक्षेप मी फेटाळत नाही. मुलींचं एवढंच करून मुलांना ग्राउंडवर सोडलं तर तो खरा ठरतो.


कराडची_पण_पुण्यात

असं असेल तर ठीक. पण बारा तास देणारं कॉलेज दाखवा! इथे बारा मिनिटांनंतर पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम असतो.


कृष्णाकाठची_मास्तरीण

हा हा, खरंय. म्हणूनच तासांची भीक मागावी लागणार नाही असं काहीतरी शोधलं. सीडीसीने निवडलेल्या तिघांतला ‘शिफ्टिंग बाउंड्रीज’, न्यूयॉर्क शहरातल्या ३० शाळांत तपासलेला. त्यांनी मुलामुलींना शाळेच्या नकाशावर रंगवायला सांगितलं : कुठे सुरक्षित वाटतं, कुठे नाही. मग त्या जागी शिक्षक उभे केले, पोस्टर लावली. गंमत अशी की नुसते वर्गातले तास झाले तिथे फारसा फरक पडला नाही. शाळेच्या आवारात बदल केले तिथे लैंगिक छळ कमी झाला.

मी अकरावीच्या एका तुकडीत हे करून पाहिलं, मुलामुलींना वेगळं बसवून, नावं न घालता. मुलींच्या नकाशात एसटी स्टँडची मागची बाजू आली, झेरॉक्सच्या दुकानाचा बोळ आला, फड उभा असतानाची पाणंद आली. आणि आमच्याच इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा जिना. तो एकाही मुलाच्या नकाशात नाही. प्राचार्यांना दाखवल्यावर ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, जिन्यावर उद्यापासून ड्यूटी लावू. आगारप्रमुखांना पत्र लिहितोय.


शिराळ्याची_आशा

मी आशा वर्कर. तुमच्या मुलींना निदान कॉलेज तरी आहे. ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाच्या कडेला पालं पडतात, त्यातल्या बायका-पोरींचं काय? मुकादमाची उचल घेतलेली, गाव लांब, भाषा आपली तरी माणूस परका. बारा बैठकांची थेरपी त्यांना कोण देणार?


मिरजेची_मनोविकारतज्ज्ञ

आशाताई, जिल्ह्यातले सगळे मनोविकारतज्ज्ञ उद्या मोकळे बसले तरी पुरणार नाहीत, हे कबूल. पण काँगोच्या पूर्व भागातला एक अभ्यास सांगते, २०१३ चा. युद्धग्रस्त खेडी, अत्याचार सोसलेल्या स्त्रिया, बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नाही. वर म्हटलेली थेरपीच त्यांना दिली, पण गटात : एक बैठक एकटीची, अकरा सगळ्यांच्या मिळून. देणाऱ्या कोण, तर मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या स्थानिक कार्यकर्त्या. वही नाही, सगळं तोंडपाठ. सहा महिन्यांनी नैराश्य किंवा चिंतेचा आजार असण्याची शक्यता या गटात ९ टक्के जणींमध्ये उरली होती. ज्यांना नुसता वैयक्तिक आधार मिळाला त्यांच्यात ४२ टक्के.

सांगलीला तर हे परकं वाटायला नको. ‘संग्राम’ ही संस्था वेश्याव्यवसायातल्या बायकांसोबत इथे १९९२ पासून काम करतेय आणि ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ इथल्याच बायकांनी उभी केली. पोलीस ज्यांची तक्रारच घेत नव्हते, त्या एकमेकींच्या सोबत ठाण्यात जायला लागल्या.

सोबत जाण्याची ताकद कमी समजू नका. रिबेका कॅम्पबेल यांनी अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांत ८१ स्त्रियांना विचारलं. जिच्याबरोबर प्रशिक्षित कार्यकर्ती होती तिला उपचार जास्त मिळाले, तिची फिर्याद जास्त वेळा घेतली गेली आणि तिच्याशी कमी वाईट वागले. डॉक्टर, पोलीस त्याच शहरातले.


साताऱ्याची_वकील

आशाताई, सोबत जाल तेव्हा हे लक्षात असू द्या. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने पहिले उपचार ताबडतोब आणि मोफत द्यायचे असतात, आधी एफआयआर आणा असं म्हणता येत नाही. दोन बोटांची चाचणी (योनीत बोटं घालून संबंधांची ‘सवय’ आहे का बघणं) कुणी करू लागलं तर थांबवा. जो ती करेल तो गैरवर्तनाचा दोषी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावलंय. हद्द आमची नाही असं ठाणं म्हणालं तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायला लावा, मग तो योग्य ठाण्याकडे पाठवतात, टोळीतल्या बायकांना हे फार लागतं. एफआयआर झाल्यावर पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या ‘मनोधैर्य’ योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. १८१ वर फोन केला तर सखी केंद्राशी, म्हणजे पीडित स्त्रियांना एकाच जागी मदत देणाऱ्या सरकारी केंद्राशी, जोडून देतात.


पलूसची_वाचक

फक्त वाचत असते. उशीर झाला असेल तर? म्हणजे दिवस गेले असतील, किंवा वर्षं.


मिरजेची_मनोविकारतज्ज्ञ

दिवसांचा हिशोब असा. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. गर्भधारणा टाळण्याची गोळी पाच दिवसांपर्यंत. त्यानंतरही रुग्णालयात जायचंच, तपासणी आणि बाकीचे उपचार होतात. गर्भ राहिला असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रकरणात २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. बलात्काराच्या तक्रारीला कायद्याने मुदत नाही.

वर्षं गेली असतील तरी मनावरचे उपचार लागू पडतात. काँगोतल्या बायकाही घटनेनंतर लगेच आलेल्या नव्हत्या. मिरजेपर्यंत येणं जमत नसेल, घरी काय सांगायचं हा प्रश्न असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. मोफत, रात्रीही चालू, मराठीत बोलता येतं.